दीडपट राक्षस

पाच वर्षांच्या मुलीला राक्षसाचा खेळ दाखवावा की नाही, हा प्रश्न कुठल्याही घरात चहा संपायच्या आत सुटायला हवा. बॉयलरसाहेबांच्या घरात तो सुटला नाही, कारण बॉयलरसाहेबांनी त्यात लक्ष घातलं.

बॉयलरसाहेब म्हणजे कारखान्यांतले बॉयलर तपासून ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा शेरा मारणारे निरीक्षक. कॉलनीत त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. हा शेरा मारण्याची सवय त्यांच्या हाडीमासी खिळलेली होती. घरात नवी खुर्ची आली तरी ते आधी तिच्यावर उभे राहून बघत, मग इतरांना बसू देत. स्वतःच्या लग्नात स्टेजवर पाय ठेवण्याआधी त्यांनी फळ्या आपटून पाहिल्या होत्या, असं त्यांची बायको सांगते. त्यातली एक निघालीच होती म्हणा, पण ते ती सांगत नाही.

प्रकरणाची सुरुवात एका फोननं झाली. फोन मेहुण्यांचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचा होता. शहराबाहेर नवीन थीम पार्क निघालंय, तिथं ‘डोंगरातला राक्षस’ नावाचा जबरदस्त खेळ आहे, पुढच्या पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून जाऊ, असा बेत त्यांनी जाहीर केला. मेहुणे बेत सुचवत नाहीत, जाहीर करतात.

“पण जावईबापू,” ते म्हणाले, “तुमच्या भागूबाईचं काय करायचं? ती रडणार, आणि सगळ्यांच्या दिवसाचा विचका होणार. त्यापेक्षा तिला शेजारी ठेवा की दिवसभर.”

‘भागूबाई’ म्हणजे पिटू, साहेबांची एकुलती एक मुलगी. मेहुण्यांच्या धाकट्याच्या वाढदिवसाला जादूगार आला होता. त्यानं कबुतर पेटीत घातलं, पेटी उघडली, कबुतर गायब. सगळ्या मुलांनी टाळ्या पिटल्या आणि पिटूनं असं भोकाड पसरलं की जादूगाराच्या बाहीतले पत्ते खाली पडले. त्या दिवसापासून मेहुण्यांच्या घरी ती भित्री भागूबाई झाली. मेहुण्यांच्या दोन मुलांनी त्याचं गाणंही रचलं होतं.

फोन स्पीकरवर होता. साहेबांनी मान वळवली तर दारात पिटू उभी, एका पायात मोजा, दुसरा हातात.

“बाबा,” ती म्हणाली, “मी भित्री आहे का रे?”

मोठमोठे कारखानदार समोर हात जोडून उभे राहिले तरी ज्यांचा आवाज कापला नाही, ते साहेब “कोण म्हणतं?” एवढंच म्हणाले आणि तेही घोगऱ्या आवाजात. पिटू दुसरा मोजा घालायला निघून गेली.

पेच सरळ होता. तिला नेलं आणि ती रडली, तर भागूबाई हे नाव जन्माचं चिकटणार. नाही नेलं, तर ते न तपासताच चिकटणार. आणि न तपासता शेरा मारणं हे साहेबांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं पाप होतं.

“तिला जायचंय. घेऊन जाऊ,” बायको म्हणाली. “रडली तर बाहेर आणू. रडल्यानं कोणी मरत नाही.”

“अगं, असं अंदाजपंचे नाही चालत.”

“मग कसं चालतं?”

“आधी माहिती,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पार्कला फोन लावला.

“आनंदाच्या दुनियेत आपलं स्वागत आहे,” पलीकडून एक गोड बाई म्हणाल्या.

“तुमचा तो राक्षसाचा खेळ पाच वर्षांच्या मुलीला झेपेल का?”

“आमचे सर्व खेळ सर्व वयोगटांसाठी आहेत, सर.”

“म्हणजे भीती वाटत नाही?”

“अतिशय थरारक आहे, सर.”

“म्हणजे वाटते?”

“आपल्याला हवी तेवढी वाटते, सर.”

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. “असं करतो, मी आधी एकटा येऊन बघून जातो.”

“सॉरी सर, लहान मुलाशिवाय मोठ्या माणसांना त्या खेळाला प्रवेश नाही.”

“अहो, पण मुलीला आणायचं की नाही, हे ठरवायला तर मला बघायचंय!”

“मग मुलीला घेऊन या ना, सर,” बाई म्हणाल्या. या युक्तिवादात एकही फट नव्हती. साहेबांना तो आवडला नाही, पण दाद द्यावी लागली.

शेवटी त्यांनी सुरक्षा विभागाला जोडून द्यायला सांगितलं आणि पलीकडून आवाज येताच सवयीनं “बॉयलर इन्स्पेक्टर बोलतोय” असं म्हणून टाकलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“साहेब, आमच्याकडे बॉयलर नाही हो! वाफ नाही, धूर आहे, आणि तोही थंड असतो, साहेब.”

“राक्षस किती उंच?”

“बारा फूट, साहेब. आत माणूस असतो, पण ट्रेनिंग घेतलेला.”

“मुलं रडतात का?”

“रडतात, साहेब. पण त्याचं सगळं रेकॉर्ड अगदी अप टू डेट आहे.”

मग त्या बिचाऱ्यानं न विचारता बाकीचंही सांगून टाकलं: काळोख किती, गडगडाट केव्हा, राक्षस डोंगरावरून उतरतो कुठून, डरकाळ्या किती. शेवटी काय होतं ते साहेबांनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. ही चूक पुढे महागात पडली, पण त्या वेळी साहेब खुशीत होते. त्यांच्या हातात आकडे आले होते, आणि आकडे हातात आले की त्यांना दुसरं काही लागत नसे.

आता बॉयलरची एक रीत असते. बॉयलर रोज ज्या दाबावर चालायचा आहे, त्याच्या दीडपट दाब देऊन तो आधी तपासतात. त्याला दीडपट सोसला तर एकपट सोसणारच. दाब एकदम द्यायचा नाही, हळूहळू चढवायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबून सांधे बघायचे. साहेबांनी हीच रीत पिटूला लावायचं ठरवलं. म्हणजे घरच्या घरी तिला हळूहळू घाबरवत न्यायचं, शेवटी थीम पार्कच्या दीडपट घाबरवायचं, आणि ती टिकली तर शेरा ‘योग्य’.

हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. बायकोनं हातातला टॉवेल घडी करून ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली आणि म्हणाली, “तुम्ही शुद्धीवर आहात ना?”

अशा वेळी घरचा माणूस विरोधात गेला की शेजारी मदतीला धावतात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना सगळे हेडबाई म्हणत. त्यांना ही कल्पना पसंत पडली. “भीती पाहिजेच,” त्या म्हणाल्या. “मी वर्गात शिरले की मुलं श्वास रोखून धरायची. त्यातली किती पुढे नावारूपाला आली माहितीये?” न आलेल्यांचा विषय त्यांनी काढला नाही.

समोरच्या घरात दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, “साहेब, राक्षसाचं सोडा, मुलं जगात एकाच माणसाला घाबरतात, आणि तो मी. तिला माझ्या खुर्चीत बसवा. नुसती मशीन सुरू करतो. तिथं टिकली तर तिला कुठंही न्या.”

पहिला टप्पा असा आपसूक ठरला. पिटू डॉक्टरांच्या खुर्चीत बसली. डॉक्टरांनी मास्क चढवला, तोंडावर दिव्याचा झोत पाडला, कानाशी मशीन घर्रर्र फिरवली. साहेब कोपऱ्यात उभे राहून मुलीचे सांधे बघत होते. पिटू टक लावून डॉक्टरांकडे बघत राहिली. मशीन थांबल्यावर तिनं विचारलं, “काका, तुम्हाला सगळे घाबरतात?”

“सगळे,” डॉक्टर अभिमानानं म्हणाले.

“मग तुमच्याशी खेळतं कोण?”

डॉक्टरांनी मास्क काढला. त्यानंतर बरेच दिवस ते संध्याकाळी बाल्कनीत नुसते बसलेले दिसत आणि खालून जाणाऱ्या पोरांना हात करत. पोरं पळून जात. साहेबांनी मात्र ‘भीती शून्य’ एवढीच नोंद मनात केली आणि दाब पुढे चढवला.

दुसरा टप्पा दिवाणखान्यात झाला. पडदे ओढून काळोख केला. साहेबांनी अंगावर काळी घोंगडी घेतली, डोक्यावर बादली घातली, हातात मोठा ताट-पळीचा सरंजाम घेतला आणि स्वयंपाकघरातून डरकाळी फोडत बाहेर आले. बादलीतून दिसत काहीच नव्हतं. दीड डरकाळी झाली असेल नसेल, तोच टीपॉय गुडघ्यात बसला आणि राक्षस ताटासकट आडवा झाला. ताट घरभर गरगर फिरत राहिलं.

पिटू धावत आली. तिनं बादली वर करून आत डोकावून पाहिलं. “राक्षसा, लागलं का रे?” असं विचारून ती पळत गेली आणि आपल्या छोट्या पर्समधली चिकटपट्टी घेऊन आली. पट्टीवर बदकं होती. ती गुडघ्यावर चिकटवली जाईपर्यंत साहेब घोंगडीत पडून होते. दुखत बऱ्यापैकी होतं, पण मनातून ते सुखावले होते.

“बघ,” ते बायकोला म्हणाले, “जराही घाबरली नाही!”

“नाही घाबरली,” बायको म्हणाली. “पण मघापासून विचारतेय, राक्षसाला त्याच्या घरी कोणी चिकटपट्टी लावतं का म्हणून. ऐकताय का?”

“तो आपला विषय नाही,” साहेब म्हणाले.

शेवटची, दीडपट दाबाची चाचणी उरली होती, आणि तिथं अडचण आली. बाराच्या दीडपट म्हणजे अठरा फूट, आणि घराचं छत उंच माणसाचा हात पोहोचेल एवढंच. साहेब दोन दिवस छताकडे बघत फिरत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना त्यांची नजर जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत वर गेली आणि तिथेच थबकली. वरपासून तळापर्यंत सरळ पोकळी. इमारत बांधणाऱ्याला बहुधा राक्षसच टांगायचा होता.

दोन गाद्या, जुने पडदे, छत्र्यांच्या काड्या आणि डोक्याला तीच बादली, एवढ्यातून राक्षस उभा राहिला. बादलीवर हेडबाईंनी लाल रंगानं डोळे काढले. त्यांनी काढलेले डोळे साहजिकच वटारलेले आले. राक्षसाला दोरीनं वरच्या कठड्यावर ओढून ठेवायचं आणि इशारा होताच खाली सोडायचं. धुराऐवजी वाफ वापरायची ठरली, कारण वाफ हा साहेबांचा प्रांत. पहिल्या मजल्याच्या वळणावर शेगडीवर तीन कुकर चढवले, त्यांच्यामागे लाल कागद लावलेली बॅटरी ठेवली. डरकाळी हेडबाई फोडणार होत्या. तालमीतच त्यांच्या पहिल्या डरकाळीला तळमजल्यावरच्या कुत्र्यानं खाणं सोडलं.

रविवारी दुपारी कॉलनी पेंगत असताना चाचणी सुरू झाली. पिटूला खालच्या पायरीवर उशी देऊन बसवलं. साहेब वरून दोरी धरून खाली वाकून बघत होते. कुकर फुरफुरले, लाल वाफ जिना भरून वर चढली, हेडबाईंनी आयुष्यभराची शिस्त एका डरकाळीत ओतली, आणि साहेबांनी दोरी सोडली.

नेमके त्याच क्षणी सोसायटीचे सेक्रेटरी फाटकातून जिन्यात शिरले. बरोबर रिकामी खोली भाड्यानं घेऊ बघणारं एक कुटुंब होतं, आणि “आमच्याकडे अगदी शांतता असते” हे त्यांचं वाक्य अर्ध्यावर होतं. वरून अठरा फुटांचा राक्षस वाफेतून खाली आला आणि बादलीसकट सेक्रेटरींच्या अंगावर बसला.

सेक्रेटरी ओरडले. कुटुंब ओरडलं. कुटुंब फाटकाबाहेर पडून रस्त्याच्या टोकाला दिसेनासं झालं, ते आजतागायत परत आलेलं नाही. गादीखालून सुटलेल्या सेक्रेटरींनी वाफेला धूर समजून अग्निशमन दलाला फोन केला. दलाची माणसं तत्परतेनं आली आणि त्यांनी पाण्याचा पहिला फवारा मारला तो थेट हेडबाईंवर. बाईंनी तिथल्या तिथे दलाच्या प्रमुखाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, असं पाहणारे सांगतात.

प्रमुखानं साहेबांना ओळखलं, हे सगळ्यात वाईट झालं. गेल्याच महिन्यात साहेबांनी त्यांच्या दलासमोर ‘निष्काळजीपणा टाळा’ या विषयावर भाषण केलं होतं. “साहेब,” तो ओल्या जिन्यात उभा राहून हळूच म्हणाला, “तुम्ही?” साहेबांकडे उत्तर होतं, पण ते दीडपट दाबापासून सुरू होत होतं, आणि ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींची नोटीस दारावर लागली. ‘सामाईक जिन्यात राक्षस टांगण्याबाबत’ असा विषय होता.

या गदारोळात पिटू कुठं होती? ती खालच्या पायरीवर फाटलेल्या राक्षसाशेजारी बसून त्याची निखळलेली बादली परत मानेवर बसवायचा प्रयत्न करत होती. ती घाबरली नव्हती. हिरमुसली होती थोडी, पण साहेबांचं तिकडं लक्ष गेलं नाही. ते चिंब भिजलेले, अपमानित, पण विजयी होते. त्यांनी तसाच मेहुण्यांना फोन लावला.

“दादा, पिटू येणार. दीडपट भीतीला तपासली आहे. रडली तर मी नाव बदलेन.”

“तुमचं नाव बदलून कसं चालेल?” मेहुणे म्हणाले. “ते कोणाला माहितीये?”

ठरल्या रविवारी सगळे थीम पार्कला पोचले. खेळाच्या दारात गणवेशातल्या मुलीनं पिटूकडे बघून विचारलं, “घाबरणार नाही ना?” त्यावर साहेबांनीच “नाही” म्हणून उत्तर दिलं. रांगेत मेहुणे मध्ये, त्यांच्या एका बाजूला त्यांचे दोन मुलगे, दुसऱ्या बाजूला पिटू, मग तिची आई आणि कडेला साहेब. साहेब स्टेजकडे बघतच नव्हते. ते मुलीकडे बघत होते.

काळोख झाला. गडगडाट झाला. डोंगर दुभंगला आणि हिरव्या धुरातून राक्षस खाली उतरला. तो चांगला होता, हे मानायला हवं. त्यानं पहिली डरकाळी फोडली तेव्हा मेहुण्यांचा धाकटा खुर्चीखाली गेला. दुसरीला थोरला गेला. तिसरीला मेहुण्यांनी शेजारचा हात घट्ट धरला, तो पिटूचा होता. पिटू पुढे सरकून, तोंड उघडं टाकून बघत होती. साहेबांची छाती फुगत गेली. खेळ संपल्यावर मेहुण्यांना काय ऐकवायचं, याची वाक्यं ते मनात जुळवायला लागले.

मग राजपुत्र आला, त्यानं लखलखता भाला फेकला, आणि राक्षस कोसळला. नुसता पडला नाही. आधी गुडघ्यावर आला, मग एक हात टेकला, कोणाकडे तरी बघितल्यासारखं केलं आणि मग कुशीवर पडला. दिवे लागले. वाद्यं वाजली. सगळं सभागृह उठून टाळ्या पिटू लागलं. मेहुण्यांची मुलंही खुर्चीखालून बाहेर येऊन शिट्ट्या मारू लागली.

आणि पिटूनं भोकाड पसरलं.

ते साधं रडणं नव्हतं. टाळ्यांच्या वर गेलं, वाद्यांच्याही वर गेलं. पुढच्या रांगांतले लोक वळून बघू लागले. राजपुत्र झुकून नमस्कार करत होता, तो अर्ध्यात थांबला.

“झालं!” मेहुणे म्हणाले. मघाचा हात त्यांनी केव्हाच सोडला होता. “सांगितलं होतं, जावईबापू. भागूबाई ती भागूबाई. काय नाव घेताय मग आता?”

त्यांच्या मुलांनी गाणं सुरू केलं. साहेबांना जमीन दुभंगून आपण डोंगरातल्या राक्षसाच्या जागी गेलो तर बरं असं झालं. गणवेशातली मुलगी धावत आली आणि सगळी वरात ‘बालभय निवारण कक्ष’ अशी पाटी लावलेल्या खोलीत गेली. खोलीत इवल्या इवल्या खुर्च्या होत्या आणि टेबलामागे एक थकलेला कारकून बसला होता.

“कशाला घाबरली?” त्यानं मान वर न करता विचारलं. “आवाज, काळोख, धूर की राक्षस?”

“घाबरली नाही,” साहेब म्हणाले.

“मग रडतेय का?”

“ते मला माहीत नाही. पण घाबरलेली नाही. मी स्वतः तपासली आहे.”

“साहेब, या चारातलं एक सांगितलं की लहान मुलाला फुगा मिळतो.”

“जावईबापू, सांगून टाका ना राक्षस,” मेहुणे म्हणाले. “लाज कसली त्यात? घरातलीच माणसं आहोत.”

“खोटा शेरा मी देणार नाही!” साहेब एवढ्या जोरात म्हणाले की कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. आयुष्यात त्यांनी अनेक कारखानदारांना हे वाक्य ऐकवलं होतं. पण या वेळी आवाजात दम कमी होता आणि रड जास्त होती, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

“अहो,” बायको शांतपणे म्हणाली, “तुम्ही तिला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलंत, जिन्यात राक्षस टांगलात. एकदा तिला विचारून बघा ना.”

साहेब एका इवल्या खुर्चीवर, ती न तपासताच, कसेबसे बसले. पिटूचं नाक त्यांनी आपल्या रुमालानं पुसलं.

“पिटू, काय झालं गं?”

पिटूला हुंदक्यांतून बोलता येईना. “तो पडला ना,” ती म्हणाली, “तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी गेलंच नाही त्याच्याजवळ. आणि ते... ते कबुतर पण परत आलं नाही. तेव्हा पण सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या.”

मेहुण्यांच्या मुलांचं गाणं थांबलं. साहेबांना डॉक्टरांची खुर्ची आठवली, बदकाची चिकटपट्टी आठवली, पायरीवरची बादली आठवली. दर टप्प्याला ती हेच सांगत होती. त्यांनी सगळा दाब एका सांध्यावर लावला आणि गळती दुसरीकडेच होती. अशी चूक एखाद्या शिकाऊ माणसानं केली असती, तर त्याला त्यांनी दारात उभं केलं नसतं. त्यांनी मुलीला जवळ ओढलं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी तिचा इतका अभिमान वाटला की काय करावं सुचेना.

“लिहून घ्या,” ते कारकुनाला म्हणाले. “रडण्याचं कारण, राक्षसाला लागलं.”

“तसा प्रकार आमच्याकडे नाही, साहेब.”

“नसेल तर करा. आणि राक्षसाला इथं बोलवा. मुलीला विचारपूस करायची आहे.”

कारकुनानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाले, कलाकाराला लोकांसमोर डोकं काढायची परवानगी नाही. साहेब म्हणाले, डोक्यासकट आणा. मॅनेजर म्हणाले, लहान मूल जवळून बघून घाबरलं तर जबाबदारी कोणाची? यावर साहेब नुसते हसले. त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं हसू होतं.

थोड्या वेळानं दारात काळोख झाला. राक्षस दारात मावेना. तो वाकला, मग तिरपा झाला, मग एक खांदा आत घालून दुसरा ओढू लागला. ते दृश्य स्टेजवरच्यापेक्षा भयंकर होतं, दीडपट म्हणायला हरकत नाही. मेहुण्यांचे दोन्ही मुलगे किंचाळून टेबलाखाली घुसले आणि कारकुनाच्या पायाला मिठी मारून बसले. मेहुणे स्वतः कपाटाला पाठ लावून उभे होते. ते घाबरले होते असं नाही, पण कपाट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

पिटू पुढे गेली. ती त्याच्या मांडीपर्यंतही येत नव्हती. “लागलं का?” तिनं वर बघून विचारलं.

राक्षसाला बोलायची परवानगी नव्हती, डरकाळ्या तर टेपवरच्या होत्या. त्यानं मॅनेजरकडे पाहिलं. मग सावकाश आपला केसाळ हात उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि मान हलवली, किंचित. रोज रोज त्याच बाजूवर पडणाऱ्या माणसाचा तो गुडघा होता. त्याला हे कोणी विचारलं असेल असं वाटत नव्हतं.

पिटूनं पर्स उघडली आणि बदकांची शेवटची पट्टी त्या गुडघ्यावर चिकटवून वरून दोनदा दाबली.

पिटूच्या हट्टामुळे पुढचा खेळही बघावा लागला. मेहुणे या वेळी बाहेरच थांबले. मुलांना आइस्क्रीम हवं होतं म्हणे. पुन्हा काळोख झाला, गडगडाट झाला, डोंगर दुभंगला, आणि राक्षस गुडघ्यावर बदकं घेऊन खाली उतरला. सभागृह किंचाळलं. भाला आला. राक्षस कोसळला, पण या खेपेला जपून, डाव्या कुशीवर. टाळ्यांचा कडकडाट झाला. पिटूनं टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ती रडलीही नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

लोक निघून गेले. गणवेशातली मुलगी आली. “सर, खेळ संपला.”

“थांबा जरा,” साहेब म्हणाले. “उठू दे त्याला.”

स्टेजवरचे दिवे मालवले होते. अर्धवट उजेडात तो भलामोठा देह हलला, हात टेकून आधी बसला, मग गुडघा चोळत उठून उभा राहिला. जाता जाता त्याला रिकाम्या खुर्च्यांमध्ये तिघं दिसली. त्यानं हात वर केला.

तेव्हा पिटू खुर्चीवर उभी राहिली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. त्या मोठ्या सभागृहात तिच्या हातांचा आवाज तो केवढा होणार. मग तिच्या आईनं वाजवल्या, आणि साहेबांनीही.

दारातून मेहुण्यांचा आवाज आला. “अहो, चला की! रडणं थांबलं का नाही अजून?”

“तिचं केव्हाच थांबलंय, दादा,” बायको म्हणाली, आणि तिनं आपला रुमाल नवऱ्याच्या हातात दिला.